वैकुंठरथामागची निळी गाडी

“मयत कुठाय?” काचेतून डोकं बाहेर काढून ड्रायव्हरनं विचारलं.

खिंडीच्या चढावर, भर उन्हात, आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मधूमामा, आणि मी. आमची निळी मोटार बॉनेट उघडं टाकून शेजारी उभी होती. लांबून पांढरी गाडी दिसली तशी मामानं अँब्युलन्स समजून दोन्ही हात हलवले होते. ती जवळ येऊन थांबली तेव्हा तिच्या कपाळावरची अक्षरं वाचता आली. ‘वैकुंठरथ’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, कुठल्याशा तरुण मंडळाकडून सप्रेम भेट.

“मयत नाही,” अण्णा म्हणाले. “गाडी बंद पडली आहे.”

“मग असं दोन दोन हात कशापायी केलं? मला वाटलं, लईच घाई हाय.”

तो खाली उतरला. पन्नाशीचा माणूस, अंगात खाकी शर्ट, कपाळाला बुक्का. सदू खिलारे असं नाव सांगितलं. मागच्या एका गावाला फेरी टाकून रिकामाच परत चालला होता. त्यानं बॉनेटमध्ये वाकून दोन वायरी हलवल्या, वास घेतला आणि सरळ उभा राहिला.

“कॉइल जळलीया. हितं काय हुनार न्हाई. निघाला कुठं?”

“पिंपळोशीला, थोरातांकडे,” अण्णा म्हणाले.

“मुलगी बघायला,” मामा म्हणाला.

सदूनं आम्हा तिघांना आळीपाळीनं बघितलं आणि नवरा मुलगा कोण ते बरोबर ओळखलं. “मग चला की. वढून न्हेतो.”

इथं माझी अडचण सांगायला हवी. साल त्र्याण्णव. मी एकोणतीस वर्षांचा, कराडला बँकेत कारकून. याआधी तीन मुलींनी नकार दिला होता आणि तिन्ही वेळा मध्यस्थानं एकच कारण आणलं होतं: मुलगा बरा आहे, पण त्याला काही विचारलं की उत्तर बाप देतो. ते खरंच होतं. अण्णा हेडमास्तर होते आणि रिटायर झाले ते फक्त शाळेतून. घरातला वर्ग चालूच होता. माझ्या शर्टाचा रंग, माझी नोकरी, मी भांग कुठल्या बाजूला पाडायचा, सगळं ते ठरवत. निळ्या गाडीच्या स्टिअरिंगला तर त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. माझ्याकडे सहा वर्षांपासून लायसन्स होतं. ते पाकिटात होतं, आणि तिथंच असायचं.

पण हे स्थळ मी मागितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी एका लग्नात मांडवामागच्या अरुंद फाटकातून भांड्यांनी भरलेली ट्रॉली आत घ्यायची होती. दोन बाप्ये ट्रॅक्टर पुढंमागं करून घामाघूम झाले. मग एक मुलगी आली, साडीचा पदर खोचून सीटवर चढली, एकदा मान मागं वळवली आणि एका दमात ट्रॉली उलटी आत नेऊन लावली. एक वाटीसुद्धा वाजली नाही. ती पिंपळोशीच्या थोरातांची सुनेत्रा. त्या रात्री जेवताना मी घरात पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं, आणि अण्णा इतके चकित झाले की हो म्हणून गेले.

थोरातांनी आम्हाला अकराची वेळ दिली होती. चारला पुण्याचे पाहुणे यायचे होते, मुलगा इंजिनिअर. आज पोचलो नाही तर माझं संपलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

“अण्णा, शुभकार्याला निघालोय आपण,” मामा हळू आवाजात म्हणाला. मामा मांजर आडवं गेलं तर ऑफिसला रजा टाकणारा. “आणि ह्या गाडीच्या मागं?”

“मधू, तिला चार चाकं आहेत ना?” अण्णा म्हणाले. “मग ती गाडी.”

सदूनं सीटखालून दोराचं वेटोळं काढलं. मामा ते बघून दोन पावलं मागं सरला.

“हा दोर कशाचा?”

“तिरडी बांधायचा. कोरा हाय.”

“नक्की कोरा?”

“मामा, वापरलेला परत आनत न्हाई कुनी.”

सदू कामाला लागला आणि मी बघत राहिलो. दोर त्यानं चार पदरी केला. अण्णा बंपर दाखवत होते, पण तो गाडीखाली शिरला. “बंपरला बांधला तर नुसता बंपर पिंपळोशीला जाईल,” खालून त्याचा आवाज आला. त्यानं चेसीला गाठ मारली, दोन गाड्यांमध्ये पंधराएक फूट अंतर ठेवलं आणि बाहेर येऊन हात झटकले.

“आता लाल कापड द्या कायतरी. दोराच्या मधी बांधाय. न्हाईतर दोन गाड्यांच्या मधनं एकादा फटफटीवाला घुसंल, आन मला पुन्यांदा फेरी मारावी लागंल.”

लाल कापड कुणाकडे होतं? आईनं मुलीच्या ओटीसाठी दिलेला खण पिशवीत होता, हिरव्या काठाचा, लालभडक. मामानं पिशवी छातीशी धरली. अण्णांनी ती काढून घेतली आणि खण सदूच्या हातात दिला. सुनेत्रेचा खण तिरडीच्या दोराला लागला. मामानं डोळे मिटून घेतले.

“मागच्या गाडीत एकला डायवर,” सदू म्हणाला. “वजन नको. बाकीचं माझ्या गाडीत. कोन बसनार स्टिअरिंगला?”

हा प्रश्नच नव्हता. अण्णा आधीच जाऊन बसले होते.

“मास्तर, नीट ऐका,” सदू खिडकीशी वाकला. अण्णा मास्तर आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “गाडी न्यूट्रलला. चावी काढायची न्हाई, काढली तर स्टिअरिंग कुलूप लावून बसंल. पुढं न्यायचं काम माझं. थांबवायचं काम तुमचं. चढाला पाय काढून घ्या, उताराला बिरेक लावा. दोर ताठ ऱ्हायला पायजे. ढिला पडला की झटका, झटका बसला की तुटला. एक हॉर्न म्हंजे हळू, दोन म्हंजे थांबा.”

“मी बावीस वर्षं गाडी चालवतोय,” अण्णा म्हणाले.

“चालवनं येगळं, मागनं येनं येगळं,” म्हणून सदू आपल्या गाडीत चढला.

मी त्याच्या शेजारी बसलो. मामाला मागं जावं लागलं, जिथं मधोमध तिरडी ठेवायची लोखंडी चौकट होती आणि कडेला नातेवाइकांसाठी बाक. इंजिन सुरू झालं आणि त्याबरोबर टपावरच्या भोंग्यातून रामनामाची धून लागली.

“हे बंद करता नाही येणार?” मागून मामानं विचारलं.

“टेप इंजिनलाच जोडलाय. इंजिन बंद केलं तर बंद हुईल.”

आम्ही शंभरेक पावलं गेलो असू. सदू पहिल्या गिअरवर इतकं अलगद ओढत होता की पेल्यातलं पाणी हललं नसतं. पण मागून गाडी दर थोड्या वेळानं हिसके देत होती. आरशात अण्णांचा चेहरा दिसत होता, परीक्षेच्या हॉलमध्ये फिरताना असायचा तसा. वळण आलं की ब्रेक, खड्डा दिसला की ब्रेक, सदूनं थोडा वेग घेतला की ब्रेक. पुढची गाडी ओढतेय आणि मागची अडवतेय, असं चाललं होतं. तिसऱ्या वळणावर फाट्कन आवाज झाला आणि आमची गाडी एकदम हलकी झाली.

उतरून बघितलं तर दोर खणापासून हातभर अंतरावर तुटला होता. निळी गाडी चढावर जागच्या जागी उभी होती, कारण अण्णांचा पाय ब्रेकवरच होता. त्याच पायानं दोर तोडला होता.

“मास्तर,” सदू दोन टोकं हातात धरून म्हणाला, “तुमी वढू बी दीना आन सोडू बी दीना.”

अण्णांना असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी दुसरीकडे बघायला लागलो.

“पोराला येतीया का गाडी?” सदूनं माझ्याकडे बघून विचारलं.

“त्याला सवय नाही,” अण्णा म्हणाले.

“मी त्येला इचारलं.”

मी म्हणालो, “लायसन्स आहे.”

“सवय असनाऱ्याचा तर तुटला. आता बिगरसवयीचा बसवून बघू. आन पुढं उतार हाय. ह्यो दोर आता एकच गाठ सोसंल.”

अण्णांनी हँडब्रेक ओढला, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि गाडीतून उतरले. दार माझ्यासाठी उघडं ठेवलं. “सीट मागंपुढं करू नकोस,” एवढंच म्हणाले आणि वैकुंठरथात पुढं जाऊन बसले.

मी माझ्या उंचीला न मानवणाऱ्या त्या सीटवर बसलो. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. सदूनं टोकं जोडून लठ्ठ गाठ मारली, चारदा ओढून बघितली आणि खिडकीशी आला. “इकडं तिकडं बघायचं न्हाई. नुसत्या त्या लाल फडक्याकडं बघ. ते खाली लोंबाय लागलं की बिरेकवर हळूच पाय. ताठ झालं की पाय सैल. बाकी मी हाय.”

खिंडीच्या माथ्यापर्यंत खण ताठच राहिला. मग उतार लागला. खण लोंबायला लागला, मी पाय टेकवला, खण वर आला. पुन्हा लोंबला, पुन्हा टेकवला. पहिल्या वळणाला मी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, तिसऱ्याला पकड सैल झाली. पुढचा माणूस मला नेत होता, पण त्याच्या पाठीवर न धडकणं माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली. उतार संपला तेव्हा मी त्या रामनामाच्या धुनेवर बोटांनी ठेका धरला होता.

खिंडीखाली एसटीच्या थांब्यावर माणसं बसली होती. ती सगळी उभी राहिली. टोप्या निघाल्या, हात जोडले गेले. पुढं वैकुंठरथ, धून चालू, मागं ताशी पंधराच्या वेगानं एक मोटार आणि तिच्यात ताठ मानेनं बसलेला, पुढं टक लावून बघणारा मुलगा. कुणालाही जे वाटेल तेच त्यांना वाटलं. एका मोपेडवाल्यानं शेजारून जाता जाता सदूला विचारलं, “कुनाकडं?” आणि सदूनं खरं ते सांगितलं, “पिंपळोशी. थोरातांच्यात.” मोपेडवाला दचकला आणि भुंगाट पुढं निघून गेला. तो तिकडं काय जाऊन सांगणार हे त्या क्षणी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मामाला मात्र काचेतून सगळ्यांचे जोडलेले हात दिसत होते. त्याला ओळखीचं कुणी बघेल ही भीती. म्हणून तो बाकावर आडवा झाला आणि थोरातांना द्यायला आणलेली मानाची शाल त्यानं डोक्यावरून पांघरून घेतली. गाडी हळू, धून संथ, आदल्या रात्रीचं जागरण. मामाला झोप लागली.

पिंपळोशीत शिरलो तेव्हा आरशात बघितलं तर माझ्या मागं सहा सायकली, एक बैलगाडी आणि टोपी काढलेली दहाबारा माणसं चालत येत होती. थोरातांच्या दारात अख्खी आळी जमली होती. बायकांनी तोंडाला पदर लावले होते. सुनेत्रेचे वडील, दिनकरराव, घरातली माणसं बोटांवर मोजत होते आणि हिशेब जुळत नव्हता, कारण कुणीच कमी भरत नव्हतं. ओट्यावर बाजेवर त्यांचे वडील बसले होते. नव्वदीचे आबा. दारात थांबलेली गाडी त्यांनी डोळे बारीक करून वाचली.

“ही कुनी बोलावली?” आबा म्हणाले. “आरं, अजून मी पोहं खायाचा हाय.”

सदूनं इंजिन बंद केलं, धून थांबली. पुढच्या दारातून अण्णा उतरले. “नमस्कार. मी जगदाळे सर. आम्ही मुलगी बघायला आलोय.”

तेवढ्यात सदूनं मामासाठी मागचं दार उघडलं. आत शालीखाली एक देह आडवा होता. कुणीतरी बाई किंचाळली आणि त्या आवाजानं देह उठून बसला.

“आलं का थोरातांचं घर?” मामानं विचारलं.

पुढची पाच मिनिटं काय झालं ते मला नीट माहीत नाही. बैलगाडीवाला परत वळला, दोन बायकांना पाणी द्यावं लागलं, आणि आबा हसता हसता खोकायला लागले ते थांबेनात. मी गाडीतून उतरलो, हँडब्रेक ओढला होता तरी अंगण उताराचं होतं म्हणून चाकाला लावायला दगड शोधत होतो. गोठ्याच्या बाजूनं सुनेत्रा आली. गर्दीकडे तिचं लक्ष नव्हतं. हातात दोन विटा होत्या. एक तिनं मला दिली, दुसरी स्वतः पायानं चाकाखाली सारली. मग ती दोराशी वाकली, गाठीवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता आत गेली.

पोहे आले. आम्ही सतरंजीवर बसलो. दिनकररावांनी मला नाव विचारलं. “शशिकांत,” अण्णा म्हणाले. शिक्षण विचारलं. “बीकॉम, पहिल्या वर्गात,” अण्णा म्हणाले. आवडीनिवडी विचारल्या. “वाचन,” अण्णा म्हणाले. मी पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत होतो. चौथा नकार मला दारातून आत येताना दिसत होता.

“सुनेत्रा, तुला काय इचारायचं हाय का?” दिनकररावांनी विचारलं.

ती समोर पाटावर बसली होती. मान खाली बिली काही नव्हती. “दोराला एक गाठ आहे,” ती म्हणाली. “म्हणजे तो एकदा तुटला. चढावरच तुटला असणार. मग गाठीच्या दोरावर अख्खा उतार उतरलात आणि पुन्हा तुटला नाही. मधे काय बदललं?”

मामा घाईघाईनं म्हणाला, “छे छे, दोरच जुना होता. गाडी आमचे अण्णाच चालवतात. बावीस वर्षं.”

आबा पोहे चावायचे थांबले. मी अण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोललोच नसतो.

“उतारावर मी होतो,” मी म्हणालो.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. अण्णांनी बशी खाली ठेवली. आता मामाची बाजू घेतली तर मी खोटा ठरणार आणि माझी घेतली तर दोर तोडणारे ते स्वतः. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना खरं बोला म्हणून फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि त्या खोलीत अर्धी आळी बसली होती.

“तो म्हणतो ते बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “चढावर मी होतो. दोर माझ्या हातून तुटला. बदलला तो ड्रायव्हर.”

सुनेत्रेनं मान डोलावली, जणू बेरीज जुळली. मग माझ्याकडे बघून विचारलं, “घाबरला होतात?”

मी वाट बघितली. अण्णा बोलले नाहीत.

“तिसऱ्या वळणापर्यंत,” मी म्हणालो.

ती हसली. दिनकरराव उठले आणि पुण्याच्या पाहुण्यांना फोन करायला पोस्टात गेले.

सदूनं पोहे दोनदा घेतले, दोर मात्र घेतला नाही. “आता ह्यो माझ्या कामाचा न्हाई, वापरला की,” म्हणाला. निघताना ओट्याशी थांबून म्हणाला, “लागलं कवा तर सांगा.”

“नको,” आम्ही सगळे एकदम म्हणालो.

“सांगतो की,” आबा म्हणाले. “पर घाई करू नगंस.”

खणाला ग्रीस लागलं होतं. सुनेत्रेनं तो कुणाला धुऊ दिला नाही, शिवू दिला नाही. आजही तो त्या दोरासकट आमच्या गाडीच्या डिकीत असतो.

तालुक्याहून नवी कॉइल आली तेव्हा चार वाजले होते. गाडी सुरू झाली. अण्णा सवयीनं उजव्या दाराशी गेले, हँडलला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मग बॉनेटला वळसा घालून डावीकडे जाऊन बसले आणि चावी माझ्यासमोर धरली. यानंतरची सोळा वर्षं ते माझ्या डाव्या हातालाच बसले, पण तो पहिला प्रवास मला वळणावळणानं आठवतो.

“सीट मागं घे,” ते म्हणाले. “गुडघे लागतात तुझे.”

मी सीट मागं घेतली. खिंड लागली. अण्णा समोर बघत होते. पण पहिलं वळण आलं तसा त्यांचा उजवा पाय पुढं सरकला आणि खालच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. दुसऱ्या वळणाला पुन्हा.

“अण्णा,” मागून मामा म्हणाला, “तिकडं ब्रेक नाही.”

“माहीत आहे,” अण्णा म्हणाले, आणि पुढच्या वळणावर पुन्हा दाबला.